हालबेराची उंच सवत

हालबेरा त्या मनोऱ्याला सगळ्या गावादेखत सवत म्हणायची. म्हणेल नाहीतर काय! नवरा केतिल छत्तीस वर्षं त्याचा राखणदार. वारा चढला की ताटातला मासा ताटातच टाकून मनोऱ्याला ताणून धरणाऱ्या तारा बघायला धावणार. वर हा लांब लहरींचा रेडिओ-मनोरा असा दांडगा, की समुद्रातल्या शेवटच्या बोटीपर्यंत हवामान पोचवायचा आणि मागच्या खोलीत हौशी रेडिओ घेऊन बसलेल्या हालबेराच्या यंत्रात मात्र नुसता गोंगाट भरायचा. हौशी लोकांची जागा त्याच्या लहरींच्या शेजारीच, करणार काय.

अकरा हिवाळे ती फॅरो बेटांवरच्या याकुपला गाठायला बघत होती. याकुप ऐंशी उलटलेला, पूर्वी बोटीवर तारायंत्र चालवणारा. दोघांचं बोलणं मोर्समध्ये, पण इतकं संथ की एक टिंब मिनिटभराचं, रेघ तीन मिनिटांची. कानाला काही कळत नाही, संगणकाच्या पडद्यावर हळूहळू रेषा उमटते. एकमेकांची रेडिओवरची नावाची खूण आणि शेवटची पोच, दोन्ही हवेतूनच मिळायला हवीत. मध्येच फोन करून 'दिसलं का रे?' विचारलं की सगळं बाद. याकुप तर फोनवर बायकोच्या संधिवाताशिवाय दुसरं बोलायचाच नाही, इतका सोवळा.

जानेवारीत वरून हुकूम आला, लांब लहरी बंद, मनोरा पाडायचा. ऐकतंय कोण आता? केतिलनं स्वतःच्या हातानं खटका पाडला आणि घरी येऊन बूटसुद्धा न काढता बसून राहिला.

हालबेरा मागच्या खोलीत गेली. पडदा काळाभोर, शांत, बर्फ पडून गेल्यावरच्या माळासारखा. रविवारी दुपारी, निळसर उजेड खिडकीत रेंगाळत असताना, त्या काळोखात एक फिकट रेघ उगवली. मग टिंब. तासाभरानं तिची स्वतःची खूण पुरी झाली; याकुप तिला हाक मारत होता. तिला नाचावंसं वाटलं आणि बाहेरच्या खोलीतल्या नवऱ्याची लाजही वाटली.

पण तिची छपरावरची तार तोकडी. ती उत्तर देत राहिली आणि याकुप आपला तिला हाका मारतच राहिला. त्यात त्याच्या मुलीचं पत्र आलं: शनिवारी बाबांना वृद्धाश्रमात नेतोय, तिथे तार लावू देत नाहीत.

"केतिल, मनोरा पाडायच्या आधी एक दिवस मला दे. साहेबांना विचारलंय. राखणदाराची हरकत नसेल तर वापरा म्हणाले."

"मढ्याच्या अंगावरचे कपडे काढतेस काय गं?"

"तो तिथे हाका मारतोय रे! याकुप. तुझ्या मनोऱ्यावरचं हवामान ऐकूनच तीस वर्षं बोट घरी आणायचा तो."

केतिल टोपी घालून मनोऱ्याकडे निघून गेला. बुधवार गेला, गुरुवार गेला. हालबेरानं आशा सोडली होती. शुक्रवारी सकाळी कॉफी ओतता ओतता तो म्हणाला, "तुझं रेडिओचं खोकं बांधून घे. आणि जाड मोजे घाल, मनोऱ्याखालची शेगडी विझलीय."

मनोऱ्याच्या पायथ्याच्या खोलीत त्यानं तासभर तारेचं वेटोळं तिच्या लहरींशी जुळवलं, शिव्या घालत, मध्येच मनोऱ्याला गोंजारत. मग हालबेरानं याकुपची खूण आणि पोच पाठवायला घेतली. बाहेर धुकं मनोऱ्याला पोटापर्यंत गिळून बसलेलं. मिनिटं जात होती, टिंबं जात होती, दोघंही एकाच घोंगडीत पेंगुळले होते. कुठेतरी लाटांवरून आपलाच श्वास सरकत चाललाय असं हालबेराला वाटत होतं.

"झालं पाठवून," ती म्हणाली. "आता थांबायचं."

"किती?"

"दिसेपर्यंत."

एक वाजला. दीड झाला. पडदा काळाच. हालबेराचा धीर सुटायला आला.

मग एक टिंब.

"हे काय? गांडूळ?" केतिल नाक पडद्याला लावून बघत होता.

"गप रे!"

रेघ. तीन मिनिटं. संपतेय की तुटतेय? संपली. आणि मग दुसरं टिंब, पूर्ण मिनिटभर, स्पष्ट.

"टिंब, रेघ, टिंब. पोच आली," ती कशीबशी म्हणाली. "याकुपला ऐकू आलं." तिचे डोळे वाहत होते. अकरा वर्षं!

केतिल तसाच वाकून त्या तीन खुणांकडे बघत राहिला. मग त्यानं टोपी काढून तोंडावर धरली.

"छत्तीस वर्षं हा मनोरा एकटाच बोलत होता गं," टोपीआडून तो म्हणाला. "आज पहिल्यांदा त्याला कुणीतरी उत्तर दिलं."