मातीत दाबलेली मूठ

भिमाने ती सुरी पुन्हा रांगेच्या टोकाला सरकवली आणि तिच्यावर टॉवेल टाकला. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, झुंबरने, तो लगेच ओढून काढला.

"झाकायची हुती तर आणली कशाला?"

"दगडाबाईला शबूद दिलाय."

"शबूद! उद्या पोलीस आलं की त्यास्नी सांगा शबूद."

बारामतीच्या शेती प्रदर्शनात भिमाला पहिल्यांदाच जागा मिळाली होती. लाउडस्पीकरवर ठिबक सिंचनाचं गुणगान चाललं होतं. त्याच्या सुऱ्यांच्या शिंगाच्या मुठी बघायला लोक थांबत होते, वा वा करत होते. भिमाचा डोळा मात्र सकाळपासून त्या एका सुरीवर होता.

लासुर्ण्यात त्याच्या घरची रीत जुनी. सुरी करून हवी असेल त्याने आधी ओल्या मातीचा गोळा मुठीत दाबून द्यायचा. त्या ठशाबरहुकूम भिमा मेंढ्याच्या शिंगाची मूठ घडवी. पण त्याआधी विचारी, "काय कापणार?" उत्तर मिळाल्याशिवाय भट्टी पेटत नसे.

या खेपेला पेटली, कारण दगडाबाई दारात उभी राहून रडली. ही कासारीण गावोगाव बांगड्या भरत हिंडायची. फडक्यात गुंडाळलेला गोळा तिने पुढ्यात ठेवला. "कुणाचा ते इचारू नगं. बारामतीला मांड. जिची हाय ती यिऊन उचलंल."

मूठ बाईची होती, आणि अशी आवळलेली की नखं मातीत रुतली होती. एवढं भ्यालेलं माणूस सुरीचं काय करील? कुणाचा मुडदा पडला म्हणजे? पात्यावर खूण भिमाचीच. पंचक्रोशीतल्या साऱ्या सासुरवाशिणी त्याने मनात एकेक करून उभ्या केल्या, पण कुणावर बोट ठेवता येईना. कोण ते बघायचं आणि सुरी काही द्यायची नाही, असं ठरवूनच तो आला होता.

एका बाईने ती उचलली, "लईच बारीक मूठ हाय की!" म्हणत ठेवली. भिमाचा जीव भांड्यात पडला. दुसरी आली, तो पुन्हा टांगणीला लागला.

"आबा!"

रेश्मा! इंदापूरला दिलेली लेक. पंचमीला आली नाही, दिवाळीला आली नाही. कधी सासूचं दुखणं, कधी दुकानाची गडबड, दर वेळी काहीतरी निघायचं आणि भल्या भिमाला ते पटायचंही. तिच्या मागून जावई आला, दिग्विजय, वेल्डिंगच्या दुकानाचा मालक. कडक इस्त्री, तोंडभर हसू.

"काय मामा, जोरात हाय की दुकान!"

"या, या, दिग्विजयराव."

लेक दिसली तसा भिमा सुरीचा धसका विसरला. झुंबर तिच्या तोंडावरून हात फिरवायला उठली. पण रेश्मा आईकडे वळली नाही. ती रांगेच्या टोकाला गेली आणि तिने ती सुरी उचलली.

बोटं एकेक करून खाचांत बसली. 

"ठेव खाली," दिग्विजय हसतच म्हणाला आणि एक पाऊल पुढे आला. रेश्माने मान खांद्यांत घेतली. मार खाल्लेलं जनावर तसं अंग चोरतं, हे भिमाला माहीत होतं.

 त्याने रीतीप्रमाणे विचारलं.

"काय कापणार, बाय?"

"कायबी न्हाय, आबा. उशाखाली ठेवणार."

"सपनं पडत्यात हिला," दिग्विजय म्हणाला. "लोखंड जवळ असलं की पडत न्हाईत म्हणं."

"व्हय," रेश्मा म्हणाली. "रोज पडत्यात."

सुरी हातातून हातात घेऊ नये, भांडण लागतं म्हणतात. भिमाने जन्मात कधी घेतली नव्हती. त्याने हात पुढे केला आणि लेकीच्या हातातूनच ती काढून घेतली. लागायचं ते लागू दे! टॉवेलात गुंडाळून त्याने ती पिशवीत टाकली.

"दिग्विजयराव, ही सुरी द्यायची न्हाय. आन् पोरगी आमच्यासंगं घरी येतीया."

दिग्विजयचं हसू गेलं. "किती दिस?"

भिमाने पिशवी खांद्याला लावली.

"ते तिचं ती सांगंल."

मांडलेला माल तसाच टाकून तिघं एसटीत बसली. झुंबरने लेकीचा हात मांडीवर घेतला. मूठ आवळलेलीच होती. लासुर्णं आलं, कंडक्टरने घंटी वाजवली, तरी ती सुटली नव्हती.