पायाच्या मशीनचा ठेका

सोळा तोंडं असूनही कुणी बोट लावल्याशिवाय चकार शब्द न काढणारा असा मी एक जुना सॅम्पलर आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो. काम माझं सोपं आहे. जगातला कुठलाही आवाज मला ऐकवा, मी तो गिळून पोटात ठेवतो. मग माझ्या पाठीवरच्या सोळा रबरी चौकटींपैकी एकीवर, म्हणजे पॅडवर, बोट मारा. तोच आवाज जसाच्या तसा बाहेर येतो. दार आपटल्याचा आवाज ढोल होतो, किल्ल्यांचा जुडगा झांज होतो. असे आवाज एकापुढे एक मांडले की हिपहॉपचा ठेका तयार होतो, आणि त्यावर लोक झरझर शब्द बोलत गाणी करतात.

ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथल्या एका बाईने माझा प्रत्येक पॅड दाबून पाहिला आणि शेवटी माझ्यावर एक हलकी थाप मारली. माझ्या आयुष्यातला पहिला ठेका तोच.

माझे पहिले मालक एक वादक. सगळे त्यांना 'मास्तर' म्हणत. जुन्या तबकड्यांवरचे तुकडे उचलून त्यांनी माझ्यावर कितीतरी ठेके बांधले. लोक येत, माना डोलवत, माझ्याकडे बोट दाखवून विचारत, "हे सगळं या खोक्यात?" मी फुगून जायचो. पुढे मास्तरांकडे संगणक आला आणि मी माळ्यावर गेलो, फाटक्या सुटकेसच्या शेजारी. धूळ माझ्या फटीफटींत शिरली. सातवा पॅड तर इतका चिकटला की दाबल्यावर उत्तर द्यायला जरा उशीर करू लागला. मित्रांनो, काम नसलेल्याला दिवस फार लांब वाटतो हो.

माळा रिकामा करताना मास्तरांनी मला एका दुरुस्तीवाल्याला देऊन टाकलं. या दुरुस्तीवाल्यांनी मला उघडलं, ब्रशने झाडलं, तारा जोडल्या. सातव्या पॅडची खोड काही गेली नाही. "असू दे," ते म्हणाले, "एखादा उशिरा बोलणारा घरात हवाच." आणि मला उचलून त्यांनी आपल्या भाचीच्या हातात ठेवलं.

ही भाची म्हणजे चिमणी. तिची आई शिवणकाम करायची. घराची पुढची खोली तिच्या कामाची. कापडाचे गठ्ठे, खडूच्या रेघा आणि मधोमध पायाने चालवायचं काळं शिलाई मशीन. मी आलो तेव्हा त्या मशीनचे थोडेच दिवस उरले होते. आईचा उजवा गुडघा दुखरा होता आणि डॉक्टरांनी पाय चालवायला साफ मनाई केली होती. शनिवारी विजेचं मशीन येणार होतं, आणि जुनं एका शिवणवर्गाला जाणार होतं.

चिमणी त्याच मशीनच्या आवाजावर लहानाची मोठी झालेली. मशीन गेलं तरी आवाज घरात राहावा, एवढीच तिची इच्छा. त्यावर एक गाणं करायचं आणि पुढच्या रविवारी वाचनालयाच्या सभागृहात आईसमोर वाजवायचं, असं तिने ठरवलं. शब्द लिहिणार तिची मैत्रीण. तिला सगळे बडबडी म्हणत, आणि ते नाव ती मन लावून सार्थ करत असे.

शुक्रवारी आई जुन्या मशीनवर शेवटचे टाके घालत होती, तेव्हा चिमणीने जवळ माईक धरला. मी ऐकलं: सुईची खडखड, पायाखालच्या लोखंडी पट्टीची धप, चाकाची घरघर, कात्रीची कचकच. दोन टाके धावत, मग एक हलका थांबा. पुन्हा दोन टाके. मी सगळं पोटात घेतलं.

शनिवारी मशीन गेलं, आणि त्याच दुपारी चिमणीकडून चूक झाली. तिने आवाजांचे तुकडे केले, पॅडवर बसवले आणि वाजवले. पण तिला ठेका वेडावाकडा वाटला. माझ्या अंगावर एक बटण आहे. ते दाबलं की मागेपुढे पडलेला प्रत्येक ठोका मी ओढून रांगेत उभा करतो. तिने ते दाबलं. माझं पोटही पडलं लहान. जागा करायला तिने शुक्रवारचा तो लांब आवाज पुसून टाकला. मला ओरडावंसं वाटलं. पण बोट लागल्याशिवाय मी कसा बोलणार?

बडबडीने त्यावर शब्द म्हणून पाहिले आणि, नवल म्हणजे, मध्येच अडखळली.

"काय झालं ग?"

"शब्द घसरतात. पाय रोवायला खाचच नाही कुठे."

चिमणीने पट्टीच्या धपेचा ढोल वाढवला, मग सुई, मग कात्री. खिडकीच्या काचा थरथरल्या. दुरुस्तीवाले मामा धावत आले. "अगं ए, सगळं एकाच पातेल्यात ओतलंस की! शिजणार काय त्यात?"

आई शेजारी पदराला टाचण्या लावत होती. तोंडातल्या टाचण्या काढून तिने विचारलं, "हे मशीन कुणाचं?"

"तुझंच की."

"माझं? माझा पाय इतका शहाणा कधीपासून झाला?"

"तू मध्येच थांबायचीस ना, ते ठेक्यात बसत नव्हतं. म्हणून सरळ केलं."

"वेडे, थांबल्याशिवाय कोपरा शिवता येतो का? थांबायचं तेव्हाच तर कापड वळायचं."

चिमणीचा चेहरा उतरला. "मी पुसलं ग ते. आता मशीनही नाही."

"मशीन गेलंय," आई म्हणाली, "मी कुठे गेलेय? सरक बघू."

बोटातलं अंगुस्तान काढून ती माझ्यासमोर बसली. "हे चावत नाही ना?" तिने पहिला पॅड इतक्या हळू दाबला की मला गुदगुल्या झाल्या. चिमणीने ते रांगेत उभं करणारं बटण बंद केलं. आईने डोळे मिटले. टेबलाखाली तिचा पाय आपसूक हलू लागला, आणि वर बोटं चालू लागली. दोन टाके. थांबा. दोन टाके. सातव्या पॅडवर कात्री होती. ती जराशी उशिराच बोलली. आई हसली. "हाही माझ्यासारखाच, मागून येणारा."

मित्रांनो, आवाज माझ्याकडे होते, पण चाल आईकडेच होती. त्या दिवशी दोन्ही एकत्र आली.

मग चिमणीने सगळे आवाज हळूहळू उतरवले. ढोल सुईच्या खाली गेला, कात्री कडेला सरली, आणि मधे बडबडीला बोलायला जागा झाली. आवाज मिसळायचे म्हणजे एकमेकांना अंग चोरून जागा द्यायची, हे मी इतक्या वर्षांनी त्या दिवशी शिकलो.

ठरलेल्या रविवारी सभागृह भरलं. मी टेबलावर, आई पहिल्या रांगेत. बडबडी म्हणाली:

दोन टाके धाव, एक टाका थांब,
कापड आहे छोटं, दोरा आहे लांब.
थांबली तिथे कोपरा, वळली तिथे वाट,
माझ्या मैत्रिणीच्या आईच्या पायाचा हा थाट!

टाळ्यांच्या आधी मला एक वेगळाच आवाज ऐकू आला. आईचा उजवा पाय फरशीवर ठेका धरत होता, थांबत थांबत.

आता मी पुढच्या खोलीत राहतो. मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं जुनं यंत्र असेल. त्याची धूळ झटका, त्याला अधूनमधून बोट लावा. आणि कुणी चालताना थांबत असेल, तर त्याला घाईने रांगेत ओढू नका. तो कदाचित कोपरा शिवत असेल.

धूळ बसू नये म्हणून आईने मला एक खोळ शिवली आहे. नव्या विजेच्या मशीनवर. ते मशीन सरळ धावतं, दमत नाही. तरी चारही कोपऱ्यांवर आई थांबली. मी ऐकत होतो.