अर्ध्या ओळखीची किडनी

मनगटी घड्याळातला सर्वांत लहान स्क्रू तिळाहून लहान असतो. तो चिमट्यात धरला की चिमट्याचं टोक केसभर हलतं. सकाळची गोळी घेतल्यावर तासाभराने ते तीन केसांइतकं हलतं. मित्रांनो, माझ्या गोष्टीचं मूळ या दोन केसांच्या फरकात आहे.

मी एक जुनी किडनी आहे. माझी पहिली एकोणचाळीस वर्षं ताईच्या डाव्या बरगड्यांमागे गेली. ताई शाळेत विज्ञान शिकवते. तिच्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा तिने मला देऊन टाकलं. भाऊ घड्याळजी. वडिलांनंतर त्यांच्याच टेबलाशी बसतो. आज दहा वर्षं मी त्याच्या ओटीपोटात, उजव्या बाजूला आहे. मला काढताना माझे मज्जातंतू कापले गेले, म्हणून मला दुखत नाही.

इथे माझी तपासणी टी पेशी करतात. त्या छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत शिकून तयार होतात. आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीवर ओळखीची खूण म्हणून काही प्रथिनं असतात. जिला ही खूण वाचताच येत नाही, ती टी पेशी ग्रंथीतच मरते. जी घरच्याच खुणेवर तुटून पडते, तीही बहुधा मरते. अशांतल्या थोड्या वाचतात आणि पुढे इतरांना आवरतात. बाहेर पडणाऱ्यांत मारेकरी पेशी असतात. त्या थेट माझ्या अंगावरची खूण चाचपतात. मदतनीस पेशी स्वतः सहसा मारत नाहीत. पहाऱ्यावरच्या पेशींनी माझा एखादा तुकडा आणून दाखवला की त्या बाकीच्यांना कामाला लावतात.

माझ्या अर्ध्या खुणा इथल्यांशी जुळल्या. आईबाप एकच, म्हणून. अर्ध्या जुळल्या नाहीत. "अर्धी सख्खी, अर्धी सावत्र," असं ताई म्हणायची. त्या सावत्र अर्ध्यासाठी सकाळ-संध्याकाळ गोळी. गोळीने टी पेशी सुस्त राहतात आणि मी माझं रक्त गाळण्याचं काम करते.

ताई दर रविवारी यायची. "माझी काय म्हणते?" म्हणून विचारायची. "तुझ्यावरच गेलीय. सुट्टी घेत नाही आणि घेऊ देत नाही," असं तो सांगायचा. माझं कौतुक एवढंच.

मग गेल्या वर्षी गोळीने येणारी हाताची थरथर वाढली. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या घड्याळातला स्क्रू उडाला तो सापडलाच नाही. त्या आठवड्यापासून त्याने सकाळची गोळी सोडली. हात स्थिर झाला. घड्याळ बिघडलंय की नाही हे तो कानाला लावून ठरवतो. मलाही त्याने तसंच तपासलं. दुखत नाही, सूज नाही, लघवी होते. म्हणजे चालू आहे. दर रविवारी तो ताईला सांगणार असायचा. दर रविवारी चहा संपायचा आणि ती निघायची.

टी पेशी जाग्या झाल्या. मदतनीस आधी आल्या, मारेकरी मागून. माझ्या नळ्यांच्या भिंतींत त्या शिरल्या तेव्हा मला काही वाटलं नाही. त्यांचाही दोष नव्हता. त्या शिकल्या तेच करत होत्या.

रक्ताच्या तपासणीत मी न गाळलेल्या कचऱ्याचा आकडा चढला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांबद्दल दोनदा विचारलं. दोन्हीदा तो म्हणाला, "वेळेवर." मग सुईने माझा बारीक तुकडा काढला. तेव्हाही दुखलं नाही.

मित्रांनो, जे दुखत नाही त्याचीही विचारपूस करत जा. माझं एवढंच मागणं आहे.

अहवालाच्या दिवशी ताई सोबत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की तिसरा हिस्सा गेला, तो परत येणार नाही. इंजेक्शनांनी उरलेला वाचेल, पण मग दोन्ही वेळच्या गोळ्या, कायमच्या. थरथर परत येईल, पुढे थोडी कमी होईल. जाईलच असं नाही. आणि त्यांनी तिसऱ्यांदा तेच विचारलं.

ताई भावाच्या हातांकडे बघत होती. ते अगदी स्थिर होते. तिने वर पाहिलं.

"किती दिवस रे?" तिने विचारलं.

"आठ महिने, ताई." तो थांबला. "आजपासून दोन्ही घेतो. दुकान बंद करतोय."