रिकामा सापळा

सापळ्यातल्या चिकट कागदावर अकराव्या दिवशी एक मुंगी होती आणि गवताची एक काडी होती. पतंग एकही नव्हता. तिने वहीत शून्य लिहिलं. वरच्या ओळींत आधीची दहा शून्यं होतीच.

बाबांनी वाकून वही पाहिली. "किडेबाई, उद्या फवारतो मी."

कीटकांच्या प्रयोगशाळेत नोकरी लागल्यापासून लेकीला त्यांनी हेच नाव ठेवलं होतं. सफरचंदाची ही बाग त्यांनी तीस वर्षं फवारून राखली होती. गेली तीन वर्षं मात्र फवारणी झाली की त्यांना खोकल्याची ढास लागे, ती आठवडाभर सुटत नसे. डॉक्टरांनी स्पष्ट मनाई केली होती. ते मशीन काढून टाका म्हणून आई दर हंगामात मागे लागे आणि बाबा 'बघू' म्हणून वेळ मारून नेत.

म्हणून यंदा लेकीने झाडाझाडाला मादी पतंगाच्या वासाच्या नळ्या बांधल्या होत्या. बागभर वास भरून राहिला की नराला खरी मादी सापडत नाही, अंडी पडत नाहीत, फळात अळी शिरत नाही. जोड्या जमवणारे पुष्कळ पाहिले, मोडणारी आमच्याच पोटी यावी, असं आई म्हणाली होती.

सापळ्यातही तोच वास होता. नराला सापळाही सापडत नाही, तेव्हा तो रिकामा असणं ही चांगलीच खूण, हे तिने बाबांना पुन्हा समजावलं.

"सोयीचं शास्त्र आहे तुझं," बाबा म्हणाले. "वास उडून गेला असला तरी सापळा रिकामाच दिसणार की."

"मग फळंच कापून बघू," ती म्हणाली. मग दुपारभर दोघं फळं कापत बसली. दोनशे फळांत किडकं एकच निघालं. उद्याची फवारणी टळली, तिचा जीव अर्धा भांड्यात पडला. उरलेला अर्धा बाबांनी अडवून धरला: यंदा पतंगच झाले नसतील, पुढच्या वर्षी होतील, मशीन राहू दे.

दिवेलागणीला आईने हाक मारली. घर बागेपासून लांब, रस्त्यापलीकडे होतं. अंगणातल्या दोरीवर लेकीचा अ‍ॅप्रन वाळत होता आणि त्यावर तीस-चाळीस करडे पतंग फडफडत होते. तिने खिशात हात घातला आणि ओशाळली. बांधायची राहिलेली एक नळी खिशातच धुतली गेली होती. प्रयोगशाळेत याच चुकीसाठी ती इतरांना बोलत असे.

बाबा जवळ आले आणि अ‍ॅप्रनवर वाकले.

"हे सगळे नर?"

"सगळे."

"आणि बागेत एकालाही वाट सापडली नाही."

"नाही सापडली."

ते मागे वळले. आई दारातच उभी होती.

"अगं, ते मशीन काढून टाकू," ते म्हणाले. "मी फवारणी सोडली."