सुनरे मावशींची बुडी

"मावशी, मास्क पुन्हा ओढलात तर हात बांधीन हं!"

बू सुनरे मावशींनी तो पुन्हा ओढला. न्यूमोनियानं फुप्फुसं भरलेली. मास्क सहन झाला नाही तर घशात नळी घालावी लागणार, आणि या वयात एकदा घातलेली नळी निघेलच, असं कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. अतिदक्षता विभागात इतकी वर्षं काढली की वाटणं बंद होतं, हात तेवढे चालत राहतात.

डॉक्टरांनी नवा चष्मा आणवला होता. डोळ्यांवर चढवला की चारी बाजूंना जंगल, नाहीतर समुद्र. पेशंट घाबरत नाही म्हणे.

"काय लावू?" मी त्यांच्या मुलीला, म्योंगहीला विचारलं.

"हे काय विचारणं झालं, सिस्टर? समुद्र! जन्म गेला तिचा बुड्या मारून शिंपले काढण्यात."

समुद्र लावला. मावशींचे हात लगेच शांत झाले. मी हुश्श म्हणते तोच मॉनिटर बोंबलायला लागला. ऑक्सिजन भराभर उतरत होता, छाती हलत नव्हती. उजवा हात मात्र चादरीखाली काहीतरी चाचपत होता.

"अगं बाई, ही तर खाली गेली!" म्योंगही ओरडली. "आई, श्वास घे! वर ये!"

मी चष्मा ओढून काढला. मावशींच्या तोंडातून लांब शीळ निघाली. बुडी संपवून वर आल्या की आमच्या बेटावरच्या बायकांची निघते ना, तीच. माझ्या आईचीही निघायची. आणि पाण्यात गेलेली बाई श्वास धरणार, एवढं माझ्या टाळक्यात येऊ नये!

मावशींनी मास्क उचलला. "शिंपला हाताला लागला होता गं, बशीएवढा. घालवलास मेले."

मग जंगल लावलं. "नुसती झाडं. मी काय करू इथं?" म्हणाल्या, आणि मास्क भिरकावला.

दुसऱ्या दिवशी श्वास आणखी खालावला. डॉक्टरांनी नळीचं विचारलं. मावशींनी मान हलवली.

"नळी नको, हा मास्कही नको. पाणी लाव."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, नीट समजावून. उत्तर तेच. म्योंगही भिंतीकडे बघत म्हणाली, "तिचंच ऐका."

दुपारी मास्क काढला. धाप लागू नये म्हणून औषध दिलं. मी चष्मा चढवला, समुद्र लावला आणि मॉनिटरचा आवाज बंद केला. मावशींचा हात चादरीवर फिरत राहिला, एका जागी थांबला आणि मूठ घट्ट मिटली.

मला तेव्हाही काही वाटलं नाही. खुर्ची शेजारीच होती, पण बसले नाही.

बऱ्याच वेळानं म्योंगहीनं हळूच विचारलं, "सिस्टर, अजून खालीच आहे ना?"

"हो," मी म्हटलं.

आम्ही दोघी शीळ ऐकायला उभ्या राहिलो.