दोन हिरवे वाडगे

पुदिन्याचा वास आला आणि रिकामा वाडगा खाली ठेवता ठेवता मावशी थांबल्या.

तसा पुदिन्याचा वास काही वाईट नव्हे. दातांच्या दवाखान्यात तो दिवसभर असतोच. पण आत्ता तो यायला नको होता तिथून येत होता. समोरच्या ट्रेमध्ये मावशींनी नुकतंच हत्यारांचं जंतू मारायचं औषध परत ओतलं होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. ते औषध नाकाला झोंबतं, डोळ्यांतून पाणी काढतं. एकदा हातमोजा फाटला होता, तर अंगठ्याची कातडी तपकिरी पडून आठवडाभर तिचे पापुद्रे निघत होते. मावशींनी तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढला आणि ट्रेवर वाकून पुन्हा हुंगलं. पुदिनाच.

मग दुसऱ्या वाडग्यात काय होतं?

धुण्याची ती खोली म्हणजे एक बेसिन, एक ओटा आणि एक माणूस मावेल एवढी जागा. ओट्यावर दोन हिरवे वाडगे, एकाच दुकानातून आणलेले, जुळ्या भावांसारखे. सकाळी हत्यारांच्या ट्रेच्या तळाला चिकटा धरलेला दिसला म्हणून मावशींनी तो घासायला काढला. आतलं औषध अजून चार दिवस चाललं असतं. ते फेकून देणं मावशींच्या जिवावर आलं. त्यांनी ते एका वाडग्यात काढून ठेवलं. दुसऱ्या वाडग्यात कोमट पाण्यात पुदिन्याच्या वासाची साफसफाईची गोळी विरघळवून ठेवली, ती टकळीच्या क्लिपसाठी.

टकळी म्हणजे चौदा वर्षांची एक पोरगी. तोंडाला क्षणाची उसंत नाही म्हणून दवाखान्यात सगळे तिला टकळीच म्हणत. दोन वर्षं दातांना तारा होत्या, त्या निघाल्यावर दात पुन्हा जागचे हलू नयेत म्हणून डॉक्टरबाईंनी तिला काचेसारखी पारदर्शक प्लास्टिकची क्लिप करून दिली होती. ती नीट धुवायचा पोरीला कंटाळा, म्हणून दर भेटीला मावशी ती गोळीच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवत, मऊ ब्रशने घासत, गार पाण्याखाली एकदा धरत आणि डबीत घालून देत.

आजही तसंच केलं होतं. फक्त बाहेरून काउंटरवरची पोरगी "मावशी, आटपा लवकर" म्हणून ओरडत होती, आणि दोन्ही वाडगे हिरवे होते.

मावशींनी दुसरा वाडगा उचलून नाकाशी नेला. डोळ्यांतून टचकन पाणी आलं.

"अगं आई गं," त्या पुटपुटल्या. त्यांनी बेसिनची कड धरली.

दोन महिन्यांपूर्वी काउंटरवरची पोरगी म्हणाली होती, "मावशी, वाडग्यांवर चिठ्ठ्या चिकटवू का? म्हणजे घोटाळा नको."

त्यावर मावशींनी कमरेवर हात ठेवून तिला सुनावलं होतं, "मला अक्षरं पन्नाशीत आली गं बाई, पण हातांना अक्कल जन्मापासून आहे. तुझ्या चिठ्ठ्या तुझ्या जेवणाच्या डब्याला लाव, रोज दुसऱ्याचाच उघडतेस." सगळा दवाखाना हसला होता. मावशी सगळ्यांत जास्त.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेएक वाजला होता. टकळी जाऊन वीस मिनिटं झाली होती. जाताना ती म्हणाली होती, "आत्ता नाही घालत मावशी. आईच्या दुकानात जाऊन जेवते, मग घालते." मावशींना ते शब्द आठवले आणि हायसं वाटलं. पण ते किती वेळ टिकणार? चौदा वर्षांची पोर जेवायला असा किती वेळ लावते?

एक विचार आला. दोन्ही वाडगे बेसिनमध्ये रिकामे केले तर? कोणाला कळणार होतं? पोरीचं तोंड पोळलंच तर म्हणतील काहीतरी गरम खाल्लं असेल. आपल्या आधी इथे कामाला होती त्या बाईला यापेक्षा लहान चुकीसाठी त्याच संध्याकाळी घरी बसवलं होतं. अकरा वर्षं झाली, मावशींना साधं कोणी मोठ्याने बोललं नव्हतं.

त्यांची नजर स्वतःच्या अंगठ्यावर गेली. अशी कातडी. जिभेची.

डॉक्टरबाई रोग्याच्या दातात यंत्र घालून बसल्या की त्यांच्या खोलीचं दार उघडायचं नाही, हा नियम खुद्द मावशींनीच सगळ्यांना शिकवला होता. त्यांनी दार उघडलं.

"मावशी, काय चाललंय?" डॉक्टरबाईंनी मान वर न करता विचारलं.

"बाई, माझ्या हातून चुकलं. टकळीची क्लिप हत्यारांच्या औषधात भिजली."

यंत्राचा आवाज बंद झाला. खुर्चीतला गृहस्थ तोंड उघडं टाकून छताकडे बघत होता. त्याचे डोळे हळूच मावशींकडे वळले आणि तिथेच थिजले.

"किती वेळ?"

"वीस मिनिटं."

"नंतर किती वेळा धुतली?"

"एकदाच."

डॉक्टरबाईंनी यंत्र बाजूला ठेवलं.

"तुमच्यासाठी नवीन हत्यारं वापरतेय, घाबरू नका," त्या आधी रोग्याला म्हणाल्या, मग दाराकडे वळून ओरडल्या, "तिच्या आईला फोन लाव! ताबडतोब!"

"लावतेय, एंगेज येतोय," काउंटरवरून आवाज आला.

"परत लाव!"

"परत एंगेज!"

"मी जाते," मावशी म्हणाल्या. "शिवणाचं दुकान आहे ना, पुलापलीकडे. मी पाहिलंय."

"भेटली की आधी क्लिप काढायला लावा. मग भरपूर पाण्याने चुळा, एक थेंब गिळू द्यायचा नाही. आणि तशीच इकडे घेऊन या."

मावशी निघाल्या. गुडघे दुखत होते, तरी त्या पळाल्या. पुलाच्या पायऱ्या चढताना छातीत भाता चालल्यासारखं होत होतं. समोरून येणारी माणसं बाजूला होत नव्हती; "सरका हो, सरका" म्हणायलाही श्वास पुरत नव्हता. डोळ्यांसमोर एकच गोष्ट येत होती, ती बडबडी जीभ आणि तिच्यावर निघालेले पापुद्रे. देवा, पोर अजून जेवत असू दे. आज तरी तिला सावकाश जेवायची बुद्धी दे. जेवताना बडबड करू दे तिला, घटकाभर.

दुकानात दोन मशिनं खडखडत होती. टकळीची आई खांदा आणि कान यांत फोन धरून कोणा गिऱ्हाइकाला ब्लाउजची बाही समजावत होती. पोरगी कापायच्या टेबलापाशी स्टुलावर बसून पाय हलवत होती. जेवणाचा डबा धुऊन पालथा घातलेला होता. म्हणजे जेवण झालं होतं.

"मावथी!" पोरगी खुशीत ओरडली. "तुम्ही कथ्या इथे?"

अशी क्लिप तोंडात असली की 'श'चा 'थ' होतो, हे मावशींनी अकरा वर्षांत शंभर पोरांकडून ऐकलं होतं.

"काढ ती! आधी काढ!" त्या किंचाळल्या. दोन्ही मशिनं थांबली.

पोरीने घाबरून क्लिप हातात काढली. "काय झालं? जिभेला मुंग्या येतायत जरा. मला वाटलं पुदिना आहे."

"गिळू नकोस. थुंक. पाणी कुठंय, पाणी?"

आईने फोन खाली ठेवला. "काय झालं मावशी? काय लावलंय हिच्या क्लिपला?"

धावताना मावशींच्या जिभेवर एक उत्तर आपोआप तयार झालं होतं: डॉक्टरबाईंनी क्लिप परत मागवलीये, थोडी घासायची राहिलीये. अगदी सोपं, कोणाला दुखवणार नाही असं. त्यांनी ते गिळलं.

"माझ्या हातून चुकून हत्यारांच्या औषधात भिजली, ताई. त्याने पोळतं. बाईंनी आत्ताच्या आत्ता बोलावलंय."

आईने पोरीला दंडाला धरून मागच्या नळाशी नेलं. टकळी चुळा भरत होती, थुंकत होती, मध्येच "आई, मी मरणार नाही ना?" म्हणत होती. आई "गप्प बस, चूळ भर" एवढंच म्हणत होती. मावशी दाराशी उभ्या राहून मोजत होत्या. वीस चुळा. पंचवीस.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पोरीला खुर्चीत बसवलं, दिवा ओढला आणि दार लावून घेतलं. बाहेरच्या बाकावर आई आणि मावशी, मध्ये एका माणसाची जागा. आतून काही ऐकू येत नव्हतं. ज्या पोरीचं तोंड कधी बंद झालं नाही, तिचा आवाज येत नव्हता.

मावशींनी पदर तोंडाशी धरला.

शेवटी दार उघडलं. "जिभेचं टोक पांढरं पडलंय, हिरड्या लाल आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चार-पाच दिवस जळजळेल. मी रोज बघेन. क्लिप वेळेवर निघाली म्हणून निभावलं. दिवसभर राहिली असती तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. "नवी क्लिप उद्या करून देते. मावशी, तुमच्याशी मी संध्याकाळी बोलते."

"बरं बाई."

आई उठली, पोरीचं दप्तर खांद्याला लावलं. जाताना ती मावशींसमोर थांबली. "आजपासून हिची क्लिप मी माझ्या हाताने धुणार. तुमच्या हातात देणार नाही."

"नकाच देऊ, ताई," मावशी म्हणाल्या.

त्या दोघी जिना उतरून गेल्या. अर्ध्या जिन्यावरून टकळीचा आवाज आला, "आई, पण आइस्क्रीम चालेल ना? थंड आहे ते, बाईंना विचार ना, विचार ना गं."

मावशी बाकावर बसल्या बसल्या हमसून हमसून रडल्या.