तिच्या हातची माझी सही

माझी सही मला येत नाही, हे मला कळलं तेव्हा माझ्या सहासष्टाव्या वाढदिवसाला अकरा दिवस उरले होते. बायकोला जाऊन चार महिने झाले होते.

अकरा दिवसांचं महत्त्व असं, की ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य योजनेत पासष्ट पूर्ण झाल्यापासून वर्षभरात नाव घालावं लागतं. नंतर घालता येतं, पण मग आधीपासून असलेली दुखणी धरत नाहीत. माझं दुखणं आधीपासूनचंच. एकतीस वर्षं बेकरीत मैद्याची पोती उचलली, त्याने जांघेत हर्निया झाला. पट्टा बांधून फिरतो. डॉक्टर म्हणाले, "आतडं अडकलं तर तासाभरात टेबलावर घ्यावं लागेल. तेव्हा कार्ड शोधत बसू नका. आधीच करून घ्या."

म्हणून मी ऑफिसात गेलो. लांब खोली, भिंतीला लावलेल्या लोखंडी खुर्च्या, चार खिडक्या आणि त्यातल्या दोनच उघड्या. शेजारच्या खुर्चीवर एक रिटायर्ड ड्रायव्हर बसले होते. मांडीवर फाइल, फाइलवर डबा.

"कितवा फेरा?" त्यांनी विचारलं.

"पहिलाच."

"मग अजून तब्येत चांगली असेल तुमची. माझा सहावा. आता वॉचमन मला साहेब समजून सलाम करतो."

मला हसू आलं. चार महिन्यांत बहुतेक पहिल्यांदाच.

माझा नंबर आला. खिडकीतल्या बाईंनी कागद तपासले, माझं तोंड फोटोशी ताडून पाहिलं आणि अर्ज पुढे सरकवला. "इथे सही करा, आजोबा. माझ्यासमोर."

मी सही केली. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग कागदाकडे.

"पुन्हा करा. सावकाश."

मी पुन्हा केली. तिसऱ्यांदाही केली. बाईंनी चष्मा काढला. "जुळत नाही हो. पेन्शनच्या नोंदीवर आहे तशी करा ना."

"अशीच आहे माझी."

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. तिथे माझं नाव होतं. गोल, सुटी, एकसारखी अक्षरं आणि खाली उजवीकडे वळत गेलेली एक रेघ. हे अक्षर मी रोज बघतो. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर तेच आहे. साखर. मीठ. डाळ. बायकोचं अक्षर.

हे कसं झालं ते सांगतो. भट्टी पेटायची ती सगळं गाव झोपलेलं असताना, आणि मी घरी येऊन आडवा व्हायचो तेव्हा ऑफिसं उघडायची. लग्नाला दोन महिने झाले असतील, बेकरीच्या मालकाने फंडाचा फॉर्म घरी पाठवला, आत्ताच्या आत्ता सही करून द्या म्हणून. मी नुकताच झोपलो होतो. तिने मला उठवलं नाही. माझ्या नावाची सही स्वतःच करून दिली. संध्याकाळी सांगितलं, तेव्हा मी म्हणालो, बरं केलंस. मग पुढच्या कागदावरची सही पहिल्या कागदाशी जुळायला हवी, म्हणून तीही तिनेच केली. फंड, बँक, मुलीची शाळा, पेन्शन. मी फक्त बेकरीच्या पगाराच्या वहीत सही करायचो, आणि ती सही म्हणजे मांजराने ओरबाडल्यासारखी. ती वही बेकरीबरोबरच बंद झाली.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं आणि कधी डोक्यात आलं नव्हतं.

"हात थरथरतो का तुमचा?" बाईंनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"तीनदा चुकली की आजचा दिवस बंद. आठवड्याने या, शेवटची तारीख देते. त्या दिवशी नाही जुळली तर प्रकरण चौकशीला जाईल, मग माझ्या हातात काही नाही." मग त्या फाइल चाळत थांबल्या. "पण तुम्ही इतके दिवस का थांबलात? तुमचा अर्ज तर दहा महिन्यांपूर्वीच आला होता. पोस्टाने. तुमचा आणि पत्नीचा, दोघांचा मिळून. आम्ही दोन पत्रं पाठवली, की अर्जदाराने स्वतः येऊन समोर सही करावी. दोन्ही मिळाल्याच्या पावत्या आहेत इथे."

पावत्यांवर माझ्या सह्या होत्या. गोल अक्षरं, खाली रेघ.

मी उठलो. ड्रायव्हर म्हणाले, "काय, झालं का?"

"नाही."

"मग भेटू," ते म्हणाले, आणि डबा उघडला.

संध्याकाळी मुलगी आली. तिला सगळं सांगितलं. तिने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "बाबा, आईचं पोट कधीपासून दुखत होतं, आठवतंय?"

"दिवाणखान्याला रंग दिला तेव्हापासून."

"त्याच्याही आधीपासून. मी म्हणत होते दवाखान्यात चल, तर म्हणायची, कार्ड येऊ दे, मग दाखवू. तुमच्याबरोबर तिचंही नाव लागणार होतं ना. मी दर वेळी विचारायचे, कार्ड आलं का गं? ती म्हणायची, सरकारी काम आहे, वेळ लागतो."

सरकारला वेळ लागलेला नव्हता. पत्रं येऊन पडली होती. पण पत्रानुसार मला ऑफिसात जाऊन सही करायची होती, आणि मी सही केली की चाळीस वर्षांचं सगळं बाहेर पडणार होतं. चालू पेन्शन थांबेल, नवऱ्याला चोर ठरवतील, असं तिला वाटलं असणार. म्हणून ती गप्प बसली. पोट धरून बसली. शेवटी नेलं तेव्हा तिथला डॉक्टर आम्हाला म्हणाला, सहा महिन्यांपूर्वी का नाही आणलंत?

"खरं काय ते सांगून टाकू या," मुलगी म्हणाली. "तुमच्याकडे बघून कोण म्हणेल तुम्ही फसवलं म्हणून?"

"मला नाही म्हणणार. तिला म्हणतील."

"आई आता नाहीये, बाबा."

"म्हणून तर. तिची बाजू सांगायला ती नाही."

मुलगी चिडली. "आयुष्यभर तिने तुमचं झाकलं, आता तुम्ही तिचं झाका. आणि ऐनवेळी आतडं अडकलं की मी काय झाकू? पत्रं तरी शोधा. कुठे असतील?"

कागद असायचे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. तिथे पत्रं होती, सगळ्यात खाली. त्यांच्याबरोबर रेघा आखलेला एक कागद होता. वरच्या ओळीवर माझी सही, तिच्या हातची, नेहमीपेक्षा मोठी काढलेली. पुढे दोन ओळींवर तीच सही ठिपक्या-ठिपक्यांनी, लहान मुलांना गिरवायला देतात तशी. त्याखालच्या सगळ्या ओळी रिकाम्या.

हा कागद मी आधी पाहिला होता.

मागच्या वर्षी एका दुपारी तिने तो माझ्यापुढे ठेवला होता, पेनसकट. म्हणाली, "अहो, जरा ही तुमची सही करून बघा ना. येत असलेली बरी."

मी पडून पेपर वाचत होतो. म्हणालो, "या वयात शाळेत घालतेस का मला?"

"घालते. फी नाही घेणार."

"तू आहेस ना सही करायला," मी म्हणालो, आणि कूस बदलली.

तिने पुन्हा विचारलं नाही. कागद उचलला तेव्हा तिचा चेहरा कसा होता, ते मी पाहिलं नाही. तेव्हा उठून दहा मिनिटं बसलो असतो तर आठवड्याभरात जमलं असतं. महिन्यात कार्ड आलं असतं. मी हिशोब करत नाही, पण हा आपोआप होतो.

त्या आठवड्यात मी रोज दुपारी तो कागद घेऊन बसलो. पहिले दोन दिवस ठिपक्यांवरून पेन फिरवलं. माझा हात कणकेचा. मोठा गोळा त्याला कळतो, बारीक वळण नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की ती पहिलं अक्षर खालून वर काढायची. मी वरून खाली काढत होतो. इतकी वर्षं एका घरात राहून मी तिला लिहिताना कधी नीट पाहिलं नव्हतं. रेघ सगळ्यात अवघड गेली. ती न थांबता एका दमात ओढायची. मी मध्येच थांबायचो. मुलगी येऊन खांद्यावरून बघायची आणि शिक्षिकेसारखी म्हणायची, "अजून कोंबडीचे पाय दिसतायत." सहाव्या दिवशी तिने नुसतं बघितलं. स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

सातव्या दिवशी खिडकी तीच, बाईही त्याच. ड्रायव्हर दिसले नाहीत. त्यांचं काम झालं असेल, किंवा नसेल.

मी पेन घेतलं. खालून वर. रेघ एका दमात.

बाईंनी स्क्रीनकडे पाहिलं. "हां. हे बघा, जमलं की. उगाच घाबरला होतात." त्यांनी शिक्का मारला, मी आणलेला बायकोच्या मृत्यूचा दाखला पाहून दुसरा कागद भरला आणि पुढे केला. "आता अर्ज एकट्याचा करायचा म्हणजे हे लागेल. वाचून सही करा."

त्यावर छापलं होतं, की माझी पत्नी हयात नाही, ही माहिती खरी आहे आणि ती मी स्वतः देत आहे. तारीख बाईंनी आधीच भरली होती.

मी पेन टेकवलं आणि तसाच थांबलो.

"सहीच करायची आहे, आजोबा. तीच."

मी तीच केली. ती गेल्याचं तिच्याच अक्षरात लिहून दिलं. तीही जुळली. कार्ड पंधरा दिवसांत घरी येईल, ऑपरेशनची तारीख आत्ताच घेऊन ठेवा, असं बाई म्हणाल्या. चांगल्या बाई होत्या.

मग त्यांनी जुन्या अर्जातलं एक पान पिन काढून सुटं केलं. "हे पत्नीचं. आता लागत नाही. तुम्ही ठेवा."

बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि ते पान उघडलं. तिचं नाव, वय, अर्जदाराशी नातं. आजारांच्या रकान्यात तिने "नाही" लिहिलं होतं. खाली सहीची जागा होती, आणि तिथे सही होती. तिची, तिच्या स्वतःच्या नावाची.

ती मी पहिल्यांदाच पाहत होतो. अक्षरं वाकडी, एक खाली एक वर, शेवटचं जागेत मावलेलं नाही म्हणून कडेला दाबून बसवलेलं. खाली रेघ नाही. सही करायची फारशी सवय नसलेल्या माणसाने करावी तशी.